तीस पौंडांचा हिशेब

(मुलुंड येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेची फुटबॉल टीम निवडताना आधी दोन बॅक निवडत आणि मग बाकीचे. आपल्या गल्लीतली रीत बरोबर उलटी. ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करायचं, ज्याला बॉल धड मारता येत नाही त्याला बॅकला टाकायचं आणि उरलेल्या सगळ्यांनी पुढे गर्दी करायची. सर म्हणत, पुढे कोण खेळणार ते पोरं आपापसांत भांडून ठरवतील, मागे कोण राहणार ते मला ठरवावं लागतं. त्यांच्या नावानं बोलायचं तर बॅकवरच बोलावं, असं मी ठरवलं. माणूस मात्र मी आपल्याकडचा निवडलेला नाही. तो ब्रिस्टलचा आहे. त्याचं नाव एडी हॅपगुड. आर्सेनलचा लेफ्ट बॅक आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला इंग्लंडचा कर्णधार.

मुलुंडच्या श्रोत्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज बॅकशी काय देणंघेणं, असं कुणाला वाटेल. देणंघेणं आहे, आणि ते खेळ संपल्यानंतरच्या आयुष्याशी आहे. आपल्या उपनगरांतली मुलं आज करारावर फुटबॉल खेळू लागली आहेत. पस्तिशीनंतर त्यांचं काय होणार याचं उत्तर आपल्याकडे पूर्वी होतं, आज नाही. हॅपगुडची कारकीर्द मी त्या नजरेनं वाचतो.

हॅपगुडचा जन्म २४ सप्टेंबर १९०८ चा. घर कामगाराचं. पोरवयात तो मेव्हण्याच्या डेअरीची दुधाची गाडी हाकायचा आणि उरलेल्या वेळात फुटबॉल खेळायचा. गावातल्याच ब्रिस्टल रोव्हर्स क्लबनं त्याला बोलावलं. पण उन्हाळ्यात, खेळ बंद असताना, त्यानं क्लबच्या एका संचालकाची कोळशाची गाडी हाकावी अशी अट होती. हॅपगुडनं नकार दिला. दूधवाल्यानं कोळसेवाला व्हायचं म्हणजे एक पायरी खाली उतरायचं, असं त्याचं म्हणणं. हा किस्सा इंग्रज लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. विशीही न गाठलेल्या मुलाला कळलेलं होतं की क्लब आपल्याला नुसता खेळायला बोलावत नाही, आपले हातपाय बाराही महिने वापरायला बोलावतो आहे. आपलं काम आपण निवडणार, एवढंच तो सांगत होता. पुढच्या आयुष्यात असं सांगण्याची संधी त्याला फार वेळा मिळाली नाही.

तो केटरिंग या लहान क्लबात गेला. जेमतेम काही सामने खेळतो न खेळतो तोच १९२७ च्या ऑक्टोबरात आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन तिथे येऊन धडकले. सिगारेट ओढतोस का, दारू पितोस का, हे चॅपमननी विचारलं. नाही म्हटल्यावर सही घेतली. केटरिंगला मिळाले एकूण ९५० पौंड. मुलाला मिळाला पगार.

आता एक गोष्ट इथल्या श्रोत्यांना विशेष आवडेल. हॅपगुड शाकाहारी होता. अंगानं किडकिडीत. त्या काळचा बॉल कातडी तुकडे शिवून केलेला, आत ब्लॅडर, तोंडाशी चामडी नाडी बांधलेली. कोरडा असताना चारशे ग्रॅमच्या आसपास भरणारा हा बॉल पाणी पिऊन पिऊन दगड व्हायचा. मुंबईत फुटबॉलचा मोसम पावसाळ्यात असायचा. इथे जे कातडी बॉलनं खेळलेत, त्यांना कपाळावर उमटणारी नाडीची खूण आठवत असेल. सुरुवातीला तसा बॉल डोक्यानं मारला की हॅपगुडला चक्कर यायची, शुद्ध हरपायची. आर्सेनलचे ट्रेनर टॉम व्हिटेकर यांनी निदान केलं की पोराच्या अंगात ताकद नाही, आणि त्याला गोमांसाचे स्टेक खायला लावले. त्याचं अंग भरलं, चक्कर थांबली. ट्रेनरनं केलं ते त्या काळच्या समजुतीप्रमाणे मायेनंच केलं. पण क्लबला अमुक वजनाचा बॅक हवा, म्हणून माणसानं ताटातलं अन्न बदलायचं, इथवर तो करार पोचत होता हे ध्यानात ठेवा.

तो बॅक म्हणून काय करायचा हे कळायला १९२५ सालचा एक नियमबदल समजून घ्यावा लागतो. इथे जरा थांबतो, कारण बॅकच्या कामाचा खरा इतिहास या एका नियमात आहे.

त्याआधी ऑफसाइडचा नियम असा होता की बॉल पुढे टाकला जाताना हल्लेखोराच्या आणि गोललाइनच्या मध्ये विरुद्ध बाजूचे निदान तीन खेळाडू हवेत. एक गोलकीपर धरा, म्हणजे आणखी दोन. त्यामुळे दोन बॅकपैकी एकानं नुसतं पुढे सरकायचं ठरवलं तरी समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड सापडे. एक चुकला तरी दुसरा बॅक मागे असेच. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकननं या सापळ्याची कलाच केली. खेळ सतत थांबू लागला, गोल आटले. १९२५ मध्ये तीनाचे दोन केले, आणि बांध फुटला. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये १९२४-२५ च्या मोसमात ११९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात ते १७०३ झाले. सामने तेवढेच, संघ तेवढेच.

यावर चॅपमन यांच्या आर्सेनलनं उपाय बसवला. सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. मधला माणूस समोरचा सेंटर फॉरवर्ड धरणार, आणि बॅक मोकळे होऊन बाजूला विंगरवर जाणार. म्हणजे बॅकचं सगळं काम बदललं. पूर्वी तो मधे उभा राहून समोरून येणारा बॉल लांब भिरकावून द्यायचा. आता त्याला टचलाइनच्या कडेला एकट्यानं, मागे आधार नसताना, समोरच्या संघातल्या सगळ्यांत चपळ माणसासमोर उभं राहायचं होतं. हॅपगुड या नव्या कामातच वाढला. विंगरच्या अंगावर तो धावून जात नसे. दोन पावलं अंतर ठेवून मागे मागे सरकायचा, आतली वाट बंद ठेवून त्याला लाइनकडे ढकलत न्यायचा, आणि त्यानं बॉल जरा लांब टाकला की अलगद पाय घालायचा. बॉल मिळाला की भिरकावून न देता हाफबॅकच्या पायात द्यायचा. आपल्याकडे अजूनही बॅकनं बॉल उंच हाणला की प्रेक्षक टाळ्या देतात. सर अशा वेळी त्या मुलाला जवळ बोलावून विचारत, तो बॉल तू कुणाला दिलास?

नियम बदलण्याच्या दोनच वर्षं आधी, १९२३ साली, आपल्या मुंबईत एक मोठा बॅक येऊन खेळून गेला. रोव्हर्स कपमध्ये. ही स्पर्धा १८९१ पासून मुंबईत चाललेली. गोऱ्या पलटणींनी यायचं आणि गोऱ्या पलटणींनी कप न्यायचा, असा पहिल्या तीस वर्षांचा शिरस्ता. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम फेरीत पोचला. तिथवर पोचलेला तो पहिला हिंदी संघ. त्याचा कर्णधार आणि राइट बॅक होता गोष्ठ पाल, फरीदपूर जिल्ह्यातल्या भोजेश्वर गावचा, १८९६ चा जन्म. कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रानं त्याला चीनची भिंत म्हटलं आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. तो अनवाणी खेळायचा. समोर डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे सोल्जर, पायांत खिळ्यांचे बूट. मोहन बागान ४-१ असा हरला.

हरलेल्या सामन्याचं मोठेपण सांगायची आपल्याला खोड आहे, त्या खोडीपायी मी हे सांगत नाही. जुन्या नियमात बॅकनं कधी पुढे सरकायचं आणि कधी मागे राहायचं हा डोक्याचा खेळ होता, त्याला बूट लागत नाहीत. पण पायात पाय अडकला, की अनवाणी माणसाला पाय काढून घ्यावा लागतो आणि बूटवाला तो तसाच पुढे दामटतो. हा हिशेब माहीत असलेला बॅक अंगावर येणाऱ्या सोल्जरसमोर दहा-बारा वर्षं उभा राहतो, ही त्याची हिंमत. त्याच १९२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदूंच्या संघाचा कप्तान पळवणकर विठ्ठल होता, आणि त्याच्या संघानं युरोपियनांना हरवलं. विठ्ठल चर्मकार समाजातला. त्याचे थोरले भाऊ बाळू यांच्यासारख्या गोलंदाजाला जातीपायी जे कप्तानपद दिलं गेलं नव्हतं ते अखेर त्याच्याकडे आलं होतं. एकाच वर्षी, एकाच शहरात, थोड्या महिन्यांच्या अंतरानं हे दोन कर्णधार खेळले. यावर मराठीत कुणीतरी नेटानं लिहायला हवं. रोव्हर्स कप हिंदी संघाच्या हाती यायला पुढे १९३७ साल उजाडावं लागलं. तो बंगलोर मुस्लिम्सनी नेला.

पुन्हा हॅपगुडकडे येतो. आर्सेनलचं ते दशक तुम्ही कुठल्याही पुस्तकात वाचाल. १९३०-३१ ते १९३७-३८ या आठ मोसमांत पाच वेळा लीगचं विजेतेपद, शिवाय १९३० आणि १९३६ चा एफ.ए. कप. हॅपगुड या सगळ्यात होता. आर्सेनलसाठी त्यानं ४४० सामने खेळले आणि गोल केले २. इंग्लंडसाठी ३० सामने, त्यांतले २१ कर्णधार म्हणून.

कर्णधार म्हणून त्याचा पहिला सामना १४ नोव्हेंबर १९३४ चा. समोर इटली. त्याच वर्षी वर्ल्ड कप जिंकलेला हा संघ, मैदान आर्सेनलचंच हायबरी, आणि इंग्लंडच्या अकरांत सात आर्सेनलचे. खेळ सुरू होताच इटलीच्या माँटीचा पाय मोडला. इटालियनांची समजूत झाली की मुद्दाम मोडला. इंग्लंडनं पहिल्या बारा मिनिटांत ३ गोल केले आणि मग मारामारी सुरू झाली. हॅपगुडच्या नाकावर कोपर बसलं, नाक मोडलं. बाहेर जाऊन, पट्टी बांधून, तो परत आत आला आणि खेळला. बदली खेळाडू त्या काळी नसे. बाहेर राहिला असता तर संघ दहांवर आला असता. इटलीच्या मेआझानं दोन गोल फेडले, सामना ३-२ वर राहिला. संध्याकाळी मेजवानीत नाक मोडणारा गृहस्थ त्याच्याकडे बघून हसला, हे हॅपगुड विसरला नाही.

त्या नाकाची किंमत काय होती? इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. मोसमात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. आर्सेनलच्या दरवाज्यावर साठ हजारांची रांग लागो, कप येवो की लीग, मूळ पगाराच्या आठाचे नऊ होत नसत. त्याहून जाचक अट दुसरी. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत राहायची. क्लबनं सोडलं नाही तर त्यानं दुसरीकडे खेळायचं नाही, आणि क्लबनं पगार दिला नाही तरी खेळायचं नाही. पगाराची मर्यादा उठली १९६१ मध्ये. नोंदणीची बेडी न्यायालयानं सैल केली १९६३ मध्ये. हॅपगुड तेव्हा पंचावन्नच्या घरात होता. पाच वर्षांच्या चाकरीनंतर खेळाडूला बेनिफिटची रक्कम देता येईल, अशी एक सोय होती. देता येईल, द्यावीच असं नव्हे.

आणि मग बर्लिन. १४ मे १९३८. ऑस्ट्रिया गिळून जर्मनीला दोन महिने झाले होते. इंग्लंडचं सरकार हिटलरला दुखवायचं नाही या धोरणावर चाललेलं. ऑलिंपिक स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणूस. सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत निरोप आला की जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी उजवा हात वर करून नाझी सलाम द्यायचा. ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांचा तसा सल्ला, फुटबॉल संघटनेचे सचिव स्टॅन्ली राउस यांची त्याला संमती. खेळाडू भडकले. हॅपगुडनं कर्णधार म्हणून विरोध केला, आम्ही ताठ उभे राहून मान देऊ, तेवढं पुरे, असं सांगितलं. ऐकलं गेलं नाही. अकरा जणांनी हात वर केले आणि ते छायाचित्र जगभर गेलं. मग त्यांनी जर्मनीला ६-३ असं हरवलं.

त्या छायाचित्राकडे बघून खेळाडूंना भ्याड म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. राजदूत पगारी, सचिव पगारी, आणि निर्णय त्यांचा. हात मात्र दूधवाल्या पोराचा. छायाचित्रात राजदूत नाही. दुसऱ्याच दिवशी बर्लिनमध्ये ॲस्टन व्हिला क्लबचा सामना होता, आणि त्या खेळाडूंनी सलाम नाकारला. म्हणजे नाकारणं शक्य होतं, असं कुणी म्हणेल. होतं, पण व्हिलाच्या अंगावर देशाचा शर्ट नव्हता. हॅपगुडनं १९४५ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग म्हणून त्यानं हाच सांगितला. नाक मोडलं तो प्रसंग नव्हे.

इथे गोष्ठ पाल पुन्हा आठवतात. बंगालमध्ये सांगतात की १९३५ साली कलकत्ता फुटबॉल क्लब या साहेबांच्या संघाविरुद्ध पंच सारखे एकतर्फी निर्णय द्यायला लागले, तेव्हा मोहन बागानचे खेळाडू निषेध म्हणून मैदानावर आडवे झाले, आणि गोष्ठबाबूंनी त्यानंतर खेळ सोडला. त्यांना ते करता आलं, कारण त्यांच्या खेळावर त्यांची चूल नव्हती. क्लब त्यांना पगार देत नव्हता, म्हणून क्लबनं किंवा साहेबांच्या संघटनेनं काढून घ्यावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. हॅपगुडकडे होतं. आठवड्याचे आठ पौंड होते, आणि ती नोंदणी होती. दोघेही बॅक, दोघेही कर्णधार, दोघेही आपल्या जागेवर पाय रोवून उभे राहणारे. एकाला निषेध परवडला, दुसऱ्याला परवडला नाही. हा फरक स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. तो पगाराच्या अटींचा आहे.

महायुद्ध आलं. हॅपगुड हवाई दलात गेला, युद्धकाळातले सामने खेळत राहिला. युद्ध संपेपर्यंत हॅपगुडचे पाय संपले. आधी ब्लॅकबर्न, मग वॉटफर्ड, मग बाथ सिटी अशा क्लबांचा तो मॅनेजर झाला. दर वेळी क्लब आधीच्याहून लहान, आणि १९५६ मध्ये तेही संपलं. पुढे त्यानं वसतिगृहं सांभाळायची नोकरी केली.

हात आखडले तेव्हा त्यानं आर्सेनलला पत्र लिहिलं. आपल्यासाठी क्लबनं कधी मदतीचा सामना भरवला नव्हता, काही करता आलं तर करावं, अशा आशयाचं. क्लबनं त्याला ३० पौंड पाठवले.

४४० सामने, पाच लीग, दोन कप, एक मोडकं नाक, बर्लिनमध्ये वर केलेला एक हात. आणि ३० पौंड. तो १९७३ च्या एप्रिलमध्ये गुड फ्रायडेला लेमिंग्टन स्पा इथे वारला. गोष्ठ पाल त्यानंतर तीनेक वर्षांनी गेले. त्यांना १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेली होती. फुटबॉलपटूला मिळालेली ती पहिली. कलकत्त्यात त्यांचा पुतळा आहे, रस्त्याला नाव आहे, टपाल तिकीटही निघालं. बंगालनं आपल्या बॅकला मान दिला, ही मोठी गोष्ट. पण मानानं घर चालत नाही, हे आपण या मुंबईत चांगलं ओळखतो. म्हणूनच मुंबईनं तिसरी वाट काढली होती, आणि आज मला मुख्यतः तिच्याबद्दल बोलायचं आहे.

ती वाट म्हणजे नोकरी. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, आर.सी.एफ., महिंद्रा. मुंबईचा फुटबॉल स्वातंत्र्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं या ऑफिस टीमांनी चालवला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा याच मुंबईच्या ऑफिस फुटबॉलमधला. तो कॅलटेक्सकडून खेळला. कॅलटेक्सनं १९५८ चा रोव्हर्स कपही जिंकला. या टीमांची रीत तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली असेल. पोरगा जिल्ह्याकडून किंवा कॉलेजकडून चमकला की स्पोर्ट्स कोट्यात उचलायचा. सकाळी मस्टरवर सही, दुपारी ग्राउंडवर. मोसम संपला की टेबलावर. प्रोबेशन संपून पर्मनंट झाला की घरात पेढे. मग पी.एफ., ग्रॅच्युइटी, मेडिकल, आणि गिरगाव-परळच्या खोलीतून निघून बोरिवलीला किंवा मुलुंडला ऑफिसच्या कर्जावर घेतलेली जागा.

आमच्याच बाजूच्या इमारतीत एक असे निवृत्त बॅक राहत. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन ऑफिसच्या खर्चानं झालं, खेळ संपला, नोकरी चालू राहिली. आणखी तीस वर्षं त्यांनी अकाउंट्स खात्यात काढली. मुलींची शिक्षणं झाली. रविवारी ते हाफ पँट घालून मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि मुलांना ओरडून सांगायचे की विंगरच्या पायाकडे बघ, तोंडाकडे बघू नकोस. हॅपगुडला जे मिळालं नाही ते या माणसाला मिळालं, आणि तो हॅपगुडच्या शतांशही नामवंत नव्हता. मुंबईच्या ऑफिस फुटबॉलवर टीका पुष्कळ झाली. खेळाडू सुस्तावतात, स्पर्धा उरत नाही, ऑफिसच्या नावामागे प्रेक्षक उभे राहत नाहीत. सगळं खरं. तरीही तुटलेल्या गुडघ्याचा भार माणसाच्या एकट्याच्या अंगावर टाकायचा नाही, ही या व्यवस्थेची करामत होती. ती आपण फार सहज हातची जाऊ दिली.

कशी गेली ते थोडक्यात सांगतो. गिरण्या गेल्या. स्पोर्ट्स कोट्याची भरती आटली. रोव्हर्स कप नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. कांदिवलीत ज्यांचा कारखाना, त्या महिंद्रांच्या संघानं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये तो संघ मिटवण्यात आला. २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या नव्या निकषांत बसत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांना आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर काढलं. निकष आशियाई संघटनेचे. क्लब म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक संस्था हवी, तिचं स्वतःचं मैदान हवं, ज्युनिअर संघ हवेत, हिशेब हवेत. यातलं काहीच चुकीचं नाही. पण ऑफिस टीम गेल्यावर खेळाडूच्या म्हातारपणाची जी बाजू ती सांभाळत होती, ती कुणी सांभाळायची याचा निकष त्या यादीत नव्हता.

आता उजेडाची बाजू. १७ मार्च २०१९ ला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना आपल्या अंधेरीत, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झाला. बंगळुरू आणि गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही, जादा वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि बंगळुरूच्या राहुल भेकेनं डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. भेके मुंबईत जन्मलेला मराठी मुलगा, आणि तो बॅक आहे. पुढे मुंबई सिटीकडून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध २०२२ मध्ये विजयाचा गोल त्याचाच, तोही डोक्यानंच. त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबनं सामना जिंकल्याची ती पहिली वेळ. या मुलाबद्दल मराठी वर्तमानपत्रांत किती आलं? एका रणजी शतकाला मिळते तेवढीही जागा नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

भेकेसारख्या वर पोचलेल्यांची मला काळजी नाही. मला काळजी आहे त्यांच्या मागच्या फळीची. मालाडच्या ऑर्लेममध्ये, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, मरोळला, घाटकोपरच्या मैदानांवर पहाटे खेळणाऱ्या, बारावी कशीबशी काढलेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या क्लबाचा एका मोसमाचा करार हातात घेऊन आलेल्या मुलांची. अकरा महिन्यांचा करार आणि महिन्याचा ठरलेला आकडा. गुडघा गेला तर पुढच्या वर्षी सही नाही. नोंदणीची बेडी आज नाही, क्लब त्याला मोकळा सोडतो. खिसा रिकामा असताना मोकळं सोडणं म्हणजे काय, हे हॅपगुडनं बाथ सिटी सुटल्यावर पाहिलं.

म्हणून या सभागृहातल्या पालकांना, आणि इथे आलेल्या क्लबांच्या चालकांना, मी काही नेमक्या गोष्टी सांगतो. मुलगा करार घेऊन घरी आला की आकडा नंतर बघा, आधी दुखापतीचं कलम बघा. ऑपरेशनचा आणि त्यानंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कुणाचा, आणि तो बरा होईपर्यंत पगार चालू राहणार का, हे लेखी मागा. विमा क्लबनं काढला आहे असं सांगितलं तर पॉलिसीची प्रत मागा. कॉलेज सोडू देऊ नका. मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पुरी होऊ द्या, आणि सोबत कोचिंगचं सर्वांत खालच्या पातळीचं लायसन्स विशीतच काढायला लावा, कारण शाळा आता लायसन्स बघून कोच घेतात. जे क्लब चालवतात त्यांनी मोसमाच्या जमेतला ठरावीक हिस्सा खेळाडूंच्या निधीत वेगळा टाकावा, आणि त्या निधीच्या समितीवर निवृत्त खेळाडू बसवावेत. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला जे मानधन देऊ केलं आहे, ते अशा निधीची पहिली पावती म्हणून त्यांनी ठेवून घ्यावं. सरांच्या हाताखाली खेळलेली मंडळी इथे बरीच दिसतात. त्यांनी बाहेर टेबलावर आपली नावं आणि फोन नंबर लिहून ठेवावेत. पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर यासाठी बसायचं ठरलं आहे.